पावाचा भाव आणि पुत्राचं स्वरूप

साल ३८३. रोमन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल. निस्सा नावाच्या एका लहान गावचा बिशप ग्रेगरी तिथल्या व्यासपीठावरून तक्रार करतो आहे, की या शहरात साधा व्यवहार करणं कठीण होऊन बसलं आहे. नाणं मोडायला जावं, तर सराफ ‘जन्मलेला’ आणि ‘अजन्मा’ यांतला फरक समजावत बसतो. पावाचा भाव विचारावा, तर पाववाला सांगतो, पिता थोर आणि पुत्र त्याच्याहून कमी. आंघोळीचं पाणी तापलं का, असं विचारलं, तर हमामातला माणूस म्हणतो, पुत्र शून्यातून निर्माण झाला.

येशू देवाच्या बरोबरीचा, की देवानं निर्माण केलेला, हा त्या शतकाचा सर्वांत मोठा वाद. ३२५ साली नायसिया इथल्या धर्मपरिषदेनं बरोबरीच्या बाजूनं कौल दिला, तरी वाद पुढची साठ वर्षं धुमसत होता. ग्रेगरीचा हा किस्सा बहुतेक वेळा शब्दच्छलाची गंमत म्हणून सांगितला जातो. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. देवाविषयीचा सिद्धांत पाववाल्याच्या दुकानापर्यंत पोहोचला होता, ही लहान गोष्ट नव्हे. मला वेगळंच विचारावंसं वाटतं. पाववाल्याला पुत्राचं स्वरूप कळलं, म्हणून त्याच्या पावाचं वजन वाढलं का? सराफानं बट्टा कमी घेतला का?

आपल्याकडे धर्माविषयी बोलताना दोन सूर हटकून ऐकू येतात. एक म्हणतो, श्रद्धा ज्याची त्याची, ती बाजारात आणू नका. दुसरा म्हणतो, धर्मानं माणूस सुधारतो आणि माणूस सुधारला की समाज आपोआप सुधारतो. चौथ्या शतकातल्या ख्रिस्ती लोकांचं जगणं पाहिलं की दोन्ही सूर मला पटेनासे होतात. श्रद्धा बाजारात आलेलीच होती आणि आपोआप काहीही सुधारलं नव्हतं. कुणीतरी सिद्धांत उचलून एखाद्या ठरावीक वस्तूवर नेऊन ठेवला, धान्याच्या कोठारावर, कर्जाच्या खतावर, जेवणाच्या पंगतीवर, आणि तो पाळला जातो की नाही हे बघायला कुणीतरी जबाबदार राहिलं, तेव्हा रोजचं जगणं बदललं. तो नुसता प्रवचनात राहिला तेव्हा बदललं नाही, मग ते प्रवचन कितीही उंचीचं असो.

हे मी ग्रेगरीच्याच घरातल्या माणसांवरून म्हणतो. त्याचा थोरला भाऊ बेसिल कॅपाडोशिया प्रांतातल्या सीझरियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या कायसेरीचा. अथेन्सला शिकलेला, घरची जमीन भरपूर. ३६८ ते ३६९ या काळात तिथे दुष्काळ पडला. हिवाळा कोरडा गेला, पाऊस फिरकला नाही, जमिनीला भेगा पडल्या. सीझरिया समुद्रापासून लांब. किनाऱ्यावरच्या शहराला गलबतानं धान्य मागवता येतं. आतल्या, डोंगराळ मुलखात गाडीनं धान्य आणायचं म्हणजे ते वाटेतच महाग होतं. ज्यांच्याकडे कोठारं होती त्यांनी ती बंद केली आणि भाव आणखी चढायची वाट पाहिली.

त्या दिवसांतलं बेसिलचं प्रवचन उपलब्ध आहे. पावसासाठी चर्चमध्ये प्रार्थना ठेवलेली असते. बेसिल समोर बघतो आणि जे दिसतं ते तिथल्या तिथे बोलून दाखवतो. शहरातले पुरुष आपापल्या धंद्यात आहेत, बायका त्यांना हातभार लावताहेत. आलेल्यांपैकी बरेच जण जांभया देताहेत, स्तोत्र म्हणणारा कधी संपवतो याकडे मान वळवून वळवून बघताहेत. जोरात प्रार्थना करताहेत ती फक्त लहान मुलं. पाट्या शाळेत टाकून आलेली. त्यांना ही सुट्टी मिळाली आहे, मास्तरांच्या हातून सुटका झाली आहे. बेसिल मोठ्यांना म्हणतो, या पोरांनी काय केलंय? यायचं तर तुम्ही या. आणि मग तो दुष्काळावरचा उपाय सांगतो. अन्यायाचं खत फाडा, म्हणजे पाप सुटेल. भारी व्याजाचं कर्ज पुसून टाका, म्हणजे जमीन पूर्वीसारखी पिकेल.

खत फाडल्यानं पाऊस पडतो, यावर माझा विश्वास नाही. पण देवाचा कोप म्हणून गप्प बसायची सवय असलेल्या गावात एक माणूस उभा राहून कागदाकडे बोट दाखवतो, हे मला फार मोठं वाटतं. आभाळाकडे लागलेले डोळे त्यानं खाली, तिजोरीकडे वळवले.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात एका श्रीमंताची गोष्ट आहे. पीक उदंड येतं, तेव्हा तो म्हणतो, जुनी कोठारं पाडीन आणि मोठी बांधीन. या गोष्टीवर बोलताना बेसिल श्रोत्यांना बाजारात नेतो. घरात विकण्यासारखं काही उरलेलं नाही असा एक बाप पोरांकडे बघतो आहे. यातल्या कुणाला विकावं? थोरल्याला? पण त्याचा मान आहे. धाकट्याला? त्याला अजून दुःख म्हणजे काय तेही कळत नाही. हा बापाच्या तोंडवळ्याचा, तो शिकण्यात हुशार. एकालाही विकलं नाही तर सगळेच मरतील. एकाला विकलं तर उरलेल्यांना तोंड कसं दाखवायचं? शेवटी तो रडत एकाला घेऊन येतो आणि धान्याचा मालक त्याच्याशी भावावरून घासाघीस करतो. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

या प्रसंगाच्या तळाशी एक सिद्धांत आहे आणि तो दयेचा नाही. बेसिलचं म्हणणं असं, की जग देवाचं, श्रीमंत नुसता कारभारी. नाटकगृहात आधी येऊन बसलेल्यानं दुसऱ्यांना आत येऊ न द्यावं आणि सगळ्यांसाठीचा खेळ एकट्याचा समजावा, तसं श्रीमंताचं झालं आहे. तू धरून ठेवलेली भाकर भुकेल्याची आहे, पेटीतलं वस्त्र उघड्याचं आहे, घरात कुजणारं पायताण अनवाणी माणसाचं आहे. म्हणजे दिलंस तर उपकार नाहीत, परतफेड आहे. न दिलंस तर ती चोरी. दान आणि परतफेड यांतलं अंतर किती मोठं आहे, हे घेणाऱ्याला विचारावं. दान घेताना मान खाली जाते.

बेसिलनं आपल्या वाट्याची मालमत्ता खर्ची घातली, धान्यवाल्यांना कोठारं उघडायला लावली, उपाशी माणसं एका जागी आणून डाळीच्या सूपाचे हंडे चढवले. ३७० साली तो बिशप झाला आणि शहराबाहेर त्यानं वस्ती उभारली. वाटसरूंना उतरायला जागा, रोग्यांसाठी वैद्य आणि शुश्रूषा करणारे, ओझ्याची जनावरं, कामाच्या कार्यशाळा. ज्यांना घरच्यांनी हाकलून दिलं होतं त्या कुष्ठरोग्यांनाही तिथे जागा होती. एलिआस नावाच्या सुभेदाराचे याविषयी कान भरले गेले, तेव्हा बेसिलनं त्याला पत्र लिहून विचारलं, यात कुणाचं नुकसान झालं?

पण बेसिलचं सर्वांत धारदार लिखाण व्याजावरचं आहे. बायबलमधल्या पंधराव्या स्तोत्रात सज्जनाचं एक लक्षण सांगितलं आहे: तो आपला पैसा व्याजानं देत नाही. त्यावर बोलताना बेसिल सावकाराला आपल्यासमोर आणून बसवतो. गरजू दाराशी येतो. सावकार शपथा घेतो, माझ्याकडे दमडी नाही, मीच उसने शोधतोय. मग गरजू व्याजाची, तारणाची गोष्ट काढतो. सावकाराच्या कपाळावरच्या आठ्या जातात. तो हसतो. आपल्या वडिलांचा घरोबा होता की, असं त्याला आठवतं. बघतो हं, एका मित्रानं ठेवायला दिलेले आहेत, त्यानं व्याज भारी सांगितलंय, पण तुझ्यासाठी कमी करू. हा संवाद सोळाशे वर्षांपूर्वीचा आहे, असं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

मग कर्जदाराचे दिवस सुरू होतात. पहिले काही दिवस हातात पैसा खुळखुळतो, घरात चांगलंचुंगलं येतं. नंतर महिना भरत आला की छातीत धस्स होतं. रात्री झोप नाही, झोप लागली तर स्वप्नात सावकार उशाशी उभा. दारावर थाप पडली की माणूस खाटेखाली. कुत्रं भुंकलं की अंगाला घाम. ग्रीक भाषेत व्याजाला ‘टोकोस’ म्हणतात, त्याचाच दुसरा अर्थ पिल्लू, संतती. बेसिल म्हणतो, ससा वितो, पाजतो आणि त्याच वेळी पुन्हा गाभण असतो. सावकाराचा पैसा तसा. आपल्या भाषेनं या गोष्टीला वेगळ्या बाजूनं पकडलं आहे. व्याज म्हणजे मुळात बहाणा, कपट. म्हणूनच निष्कपट प्रेमाला आपण निर्व्याज म्हणतो. ग्रीकांना व्याजात वीण दिसली, आपल्याकडच्या शब्दात बहाणा राहिला, आणि बेसिलच्या त्या सावकारात दोन्ही आहेत. बापाच्या कर्जापायी स्वतंत्र घरातली पोरं लिलावाला ओढून नेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत, असंही तो सांगतो.

सिद्धांत इथपर्यंत आला. आता जिथे तो अडला ते सांगायला हवं.

नायसियाची धर्मपरिषद पुत्राच्या स्वरूपासाठी प्रसिद्ध आहे. तिच्या नियमांत सतरावा नियम व्याजाचा आहे. जे धर्मसेवक दरमहा शेकडा एक घेतात किंवा मुद्दलावर निम्मं जास्त वसूल करतात, त्यांना पदावरून काढावं. त्याच ३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइननं कायदा केला. पैशाच्या कर्जावर दरमहा शेकडा एक, म्हणजे वर्षाला बारा टक्के, ही मर्यादा. धान्याच्या उसनवारीवर दोन मापं नेली तर तीन परत. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्याला हा हिशेब सांगायला नको. सवाई-दिढीतली ही दिढी. तेच साल, तेच दर. परिषदेनं जे पाप म्हटलं, ते बादशहानं वैध केलं. दोघांचं पटलं ते असं, की पाप फक्त धर्मसेवकाला लागू. बाकीच्या ख्रिस्ती सावकारांना प्रवचन.

मला हा त्या काळातला सर्वांत मोठा तडा वाटतो. बेसिलनंही तो सांधला नाही. व्याज खाल्लेल्या माणसाला धर्मगुरू व्हायचं असेल, तर त्यानं ती कमाई गोरगरिबांना वाटून टाकावी आणि पुन्हा त्या वाटेला जाऊ नये, असा त्याचा नियम आहे. धर्मगुरू व्हायचं नसेल तर? तर मग पुन्हा प्रवचन. जो सिद्धांत सगळ्या जगाच्या मालकीविषयी बोलतो, त्याचा नियम मात्र चारदोन डोक्यांपुरता, यात मला हार दिसते.

ही हार आजच्या तुर्कस्तानातल्या अंत्युखिया शहरात उघडी पडते. तिथे जॉन ख्रिसोस्तोम ३८६ ते ३९७ या काळात प्रवचनं करत होता. एका प्रवचनात तो जमीनदारांविषयी बोलतो. ते कुळांना गाढवाखेचरांसारखं राबवतात, पीक येवो न येवो, वसुली सारखीच. हिवाळ्यात, पावसात काम करून घेतात आणि रिकाम्या हातानं परत पाठवतात. ख्रिस्त्यांच्या आधीच्या कायद्यालाही मंजूर नव्हतं असं व्याज लावतात, शेकड्याला एक नव्हे, थेट निम्मं. हे जमीनदार ख्रिस्ती होते, त्याच्या समोरच बसत होते. दुसऱ्या एका प्रवचनात तो आकडे सांगतो. शहरात दहावा हिस्सा श्रीमंत, दहावा हिस्सा ज्यांच्याकडे काहीच नाही असे, बाकीचे मधले. चर्चच्या यादीवर रोज पोसल्या जाणाऱ्या विधवा आणि कुमारिका ३०००, आणि चर्चचं उत्पन्न मात्र एखाद्या बऱ्यापैकी श्रीमंताएवढं.

तीन हजार जणींची यादी ठेवायची, रोज अन्न पोहोचवायचं, याला मी कमी लेखणार नाही. त्यातल्या प्रत्येकीला त्या यादीतल्या नावानं जगवलं. पण त्याच शहरात दिढीनं पिळलेल्या कुळांच्या बायका उद्या त्या यादीवर यायच्या होत्या. एका दारानं गरीब तयार होत होते, दुसऱ्या दारानं त्यांना जेवण मिळत होतं, आणि दोन्ही दारांचे मालक पुष्कळदा एकच. निस्साच्या ग्रेगरीनं हे ओळखलं होतं. सावकार इतके नसते तर गरीबही इतके नसते, असं त्यानं लिहून ठेवलं आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की आजच्या कसोट्या त्या काळाला लावू नयेत. मी त्यांचीच कसोटी त्यांना लावतो आहे. भाकर भुकेल्याची, हे वाक्य माझं नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अभ्यासक म्हणतात, गरिबांचा कैवार घेऊन बिशपांनी शहरांवरची सत्ता मिळवली. खरं आहे. सुभेदाराला उगाच भीती वाटली नव्हती. पण सत्ता मिळाली म्हणून कुष्ठरोग्याच्या जखमेवरची पट्टी खोटी ठरत नाही. माझी तक्रार उलट आहे. ती सत्ता त्यांनी खतापर्यंत नेली नाही, हंड्यापाशी थांबवली.

आपल्याकडे तुकोबांनी दुष्काळानंतर आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. बेसिल जे दुसऱ्यांना करायला सांगत होता, ते त्यांनी स्वतःच्या हातांनी केलं. पण एका माणसाची खतं बुडाली की शेजारच्या सावकाराची राहतात. म्हणून मला वसईची गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे १९१८ साली एका धर्मगुरूच्या पुढाकारानं कॅथलिक सहकारी पतपेढी निघाली; आज ती बॅसिन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक आहे. पतपेढीला दर ठरवावा लागतो, वह्या तपासून घ्याव्या लागतात, सभासदाला उत्तर द्यावं लागतं. पंधरावं स्तोत्र दर रविवारी वाचण्यापेक्षा हे कितीतरी कंटाळवाणं काम आहे. ते कुणीतरी करत बसलं, म्हणून स्तोत्राला हातपाय फुटले. देवळं, चर्च, मशिदी, मठ, सगळ्यांच्या अन्नछत्रांविषयी मला आदर आहे. पण देणगीची पावती फाडताना, हा पैसा कुठल्या दरानं कमावलेला आहे, हे विचारायची रीत आपण पाडलेली नाही. ती पाडायला हवी, आणि ती धर्माच्या बाहेरच्यांनी नव्हे, आतल्यांनी.

गुलामीच्या बाबतीत सिद्धांत आणि जगणं यांतलं अंतर सर्वांत रुंद होतं. बायबलमधल्या ‘उपदेशक’ नावाच्या पुस्तकात एक वाक्य आहे, मी दास आणि दासी विकत घेतल्या. त्यावर ग्रेगरी जे बोलला, तेवढं स्पष्ट प्राचीन जगात क्वचितच कुणी बोललं असेल. देवाच्या प्रतिमेची, म्हणजे माणसाची, किंमत किती ओबोल, किती दमड्या धरलीस? देवानं घडवलेल्याला किती नाण्यांना विकलंस? एक कागदाचा चिठोरा आणि मोजलेली नाणी, एवढ्यावरून तू देवाच्या प्रतिमेचा मालक झालास, असं वाटलं का तुला? इथे तो मालकाला चांगलं वाग, असं सांगत नाही. मालकी हीच चूक, असं सांगतो.

आणि काहीही झालं नाही. त्याच शतकाच्या मध्यास गांग्रा इथे जमलेल्या बिशपांनी, धर्माचं निमित्त करून दासाला मालकाचा अवमान करायला शिकवणाऱ्याला शाप दिला होता. बेसिलच्या मठाच्या नियमांत पळून आलेल्या दासाला समजावून परत पाठवायला सांगितलं आहे. मालक दुष्ट असेल, अधर्माचं काम करायला लावत असेल, तरच वेगळा विचार. ग्रेगरीच्या प्रवचनाला नियम मिळाला नाही, विरुद्ध बाजूला मात्र नियम होते.

पण त्याच्या थोरल्या बहिणीनं, मॅक्रीनानं, हे प्रवचन व्हायच्या कितीतरी आधी घरातलं घर बदललं होतं. पोंतस प्रांतात अन्निसा इथे त्यांची वडिलोपार्जित जागा. तिनं आईला राजी केलं, की घरातल्या दासींबरोबर एका पातळीवर राहायचं. एकच पंगत, एकसारखं अंथरूण, एकसारखं अन्न. सेवा करून घ्यायची सवय असलेल्या, उच्च कुळातल्या म्हाताऱ्या आईला हे पटवायला किती दिवस लागले असतील, याचा मी पुष्कळदा विचार करतो. तिथे कुणी सिद्धांत मांडला नाही. ताट कुठे मांडायचं, एवढंच ठरलं, आणि ते रोज पाळलं गेलं.

दुष्काळात जे बाप पोर विकूही शकले नाहीत, त्यांनी मुली रस्त्यावर टाकल्या. मॅक्रीनानं त्या उचलून आणल्या, पाजल्या, वाढवल्या. ३७९ साली ती गेली तेव्हा ग्रेगरी तिथे होता. तिच्या अंगावर घालायला चांगलं वस्त्र शोधलं, तर तिच्याकडे एक घोंगडी, डोक्यावरचं एक वस्त्र आणि झिजलेली पायताणं, एवढंच निघालं. तो लिहितो, की सर्वांत मोठा आक्रोश काही विशिष्ट बायकांचा होता. त्या तिला आई म्हणून हाक मारत होत्या, दाई म्हणून हाक मारत होत्या. दुष्काळाच्या साली तिनं रस्त्यावरून उचललेल्या त्या मुली होत्या.